टेकडी ४८१ आणि माझी एक चुकलेली स्लाइड

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीत एमएस्सीच्या मुलांसमोर मी एक छोटं व्याख्यान दिलं. विषय होता 'भूरूप आणि लढाई'. माझी पीएचडी भूविज्ञानातली. डोंगरउतार, दरडी, उंचीचे अंकीय नकाशे हे माझं रोजचं काम. इतिहास हा फावल्या वेळचा नाद. पण मुलांना नुसता उतार आणि कोन शिकवला तर दहाव्या मिनिटाला मोबाइल बाहेर येतात, म्हणून उदाहरणाला एक खरी लढाई घेतली: स्पेनच्या यादवी युद्धातली टेकडी ४८१. आणि स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'या टेकडीवर एक नागपूरकर लढला होता.'

टाळ्या मिळाल्या. मग तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "ताई, हुद्दार तर एप्रिलमध्येच पकडले गेले होते ना? मग जुलैच्या लढाईत कसे?"

ती व्याख्यान चालू असतानाच मोबाइलवर तारखा बघत होती. मी दोन सेकंद गप्प झाले आणि म्हटलं, "बरोबर आहे तुझं. माझी स्लाइड चुकली." हे पोस्ट त्या चुकीबद्दल आहे. ती कशी झाली, आणि रिसर्चला लागण्याआधी तुम्ही तिच्यातून काय घेऊ शकता, ते सांगते.

आधी माणूस

परक्या देशाच्या युद्धात स्वतःहून गेलेला मराठी माणूस म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली चीनला गेलेल्या त्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख होते डॉ. मदनमोहनलाल अटल, आणि अटल त्याआधी स्पेनमध्ये काम करून आलेले होते. म्हणजे या दोन युद्धांना जोडणारा धागा भारतीयांमध्येही होता.

स्पेनचं युद्ध १९३६च्या जुलैत सुरू झालं. निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध सैन्यातल्या एका मोठ्या गटाने उठाव केला, पुढे त्याचं नेतृत्व जनरल फ्रँकोकडे आलं. जर्मनी आणि इटली फ्रँकोच्या मदतीला आले. प्रजासत्ताकाच्या बाजूने पन्नासहून अधिक देशांतले सुमारे ३५,००० स्वयंसेवक आले. त्यांच्या तुकड्या म्हणजे इंटरनॅशनल ब्रिगेड्स. त्यातल्या पंधराव्या ब्रिगेडमध्ये एक ब्रिटिश बटालियन होती. ब्रिटनमधून गेलेले लोक अडीच हजारांच्या आसपास, त्यातले पाचशेहून अधिक परत आले नाहीत.

याच ब्रिटिश बटालियनमध्ये गोपाळ मुकुंद हुद्दार होते. नागपूरचे. १९२९ साली ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह झाले. १९३१ च्या बालाघाट दरोडा प्रकरणात त्यांना तुरुंगवास झाला. पुढे ते पत्रकारिता शिकायला लंडनला गेले, आणि तिथून १९३७ मध्ये स्पेनला. परत आल्यावर १९४० साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. एका आयुष्यात एवढी वळणं असली की प्रत्येक बाजू आपल्याला सोयीचा तुकडा उचलते. मीही तेच केलं, फक्त माझी सोय राजकीय नव्हती. मला स्लाइडसाठी नायक हवा होता.

स्पेनमध्ये त्यांनी नाव लावलं होतं 'जॉन स्मिथ'. १९३७च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने १८७०च्या जुन्या कायद्याचा आधार घेऊन या युद्धात भरती होणं बेकायदा ठरवलं होतं, आणि टोपणनावं घेणं नवलाचं नव्हतं. पण संशोधकासाठी ही डोकेदुखी. इंग्रजी कागदपत्रांत जॉन स्मिथ शोधणं म्हणजे कल्याण-डोंबिवलीच्या मतदारयादीत आडनावावरून 'पाटील' शोधणं. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं होत नाही. नाव, तुकडी, तारीख आणि ठिकाण अशा चारही गोष्टी एकत्र बसाव्या लागतात. मी पहिल्या दोन तपासल्या, तिसरी सोडून दिली.

मग टेकडी

१९३८च्या मार्च-एप्रिलमध्ये फ्रँकोच्या सैन्याने अरागॉन प्रांतात जोरदार मुसंडी मारली. प्रजासत्ताकाचं सैन्य मागे रेटलं गेलं. एप्रिलच्या सुरुवातीला गांदेसा हे गाव पडलं. याच माघारीत, गांदेसाच्या परिसरात, हुद्दार पकडले गेले. १५ एप्रिलला फ्रँकोचं सैन्य भूमध्य समुद्राला पोचलं आणि प्रजासत्ताकाच्या ताब्यातल्या प्रदेशाचे दोन तुकडे झाले.

२५ जुलैच्या मध्यरात्रीनंतर प्रजासत्ताकाच्या सैन्याने एब्रो नदी ओलांडून उलटा हल्ला केला. सुरुवातीला बोटी आणि तरंगते पूल वापरून हजारो सैनिक पलीकडे गेले. एक-दोन दिवसांत ते गांदेसाच्या दारात पोचले आणि तिथेच अडकले. गावाला लागून असलेल्या टेकडीवर फ्रँकोच्या बाजूचे खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन होत्या. टेकडीची ओळख म्हणजे तिच्या उंचीचा आकडा: ४८१ मीटर. ब्रिटिश बटालियनचे सैनिक तिला 'पिंपल' म्हणायचे. म्हणजे पुटकुळी.

२७ जुलैपासून ऑगस्टच्या पहिल्या तारखेपर्यंत बटालियनने या पुटकुळीवर पुन्हा पुन्हा चढाई केली. टेकडी मिळाली नाही. २८ जुलैला डेव्हिड गेस्ट मारला गेला. तो केंब्रिजमध्ये शिकलेला गणिताचा प्राध्यापक होता. ऑगस्टच्या सुरुवातीला लुईस क्लाइव्ह गेला, १९३२च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमधला नौकानयनाचा सुवर्णपदक विजेता. पुढे ब्रिटनमधला मोठा कामगार नेता झालेला जॅक जोन्स एब्रोच्या याच लढाईत जखमी झाला.

आता माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. बटालियन तीच, गाव तेच, साल तेच. मधले जवळजवळ चार महिने मात्र मी गिळून टाकले. टेकडी ४८१वर लढाई चालू होती तेव्हा हुद्दार बुर्गोस शहराजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या नावाच्या मठात कैदी होते. जवळ असणं म्हणजे तिथे असणं नव्हे. हे वाक्य मी आता माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलं आहे.

उंची किती, आणि कुठून मोजायची?

स्लाइडवरचा नायक चुकला, तरी मूळ प्रश्न चांगला आहे. एवढीशी टेकडी का मिळाली नाही?

'४८१ मीटर' ऐकलं की मोठा डोंगर वाटतो. पण ही उंची समुद्रसपाटीपासूनची. गांदेसा गावच साधारण ३६०-३७० मीटरवर आहे. म्हणजे पायथ्यापासून माथा जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर. स्लो लोकलने मुंब्र्याला उतरून मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढला असाल तर अशा चढाचा दम तुम्हाला माहीत आहे. घाम निघतो, पण चढून होतं. फरक एवढाच की तिथे वरून कोणी गोळ्या झाडत नाही. पहिला धडा: कुठलीही संख्या वापरताना ती कुठल्या पातळीपासून मोजली आहे ते आधी लिहा.

आता एक ढोबळ गणित. डोंगर चढायला किती वेळ लागतो याचा १८९२ सालचा नेस्मिथचा नियम आहे: सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. एक किलोमीटर अंतर आणि १२० मीटर चढ धरला तर १२ अधिक १२, म्हणजे २४ मिनिटं. त्या काळची मशीनगन मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या झाडू शकायची. नळी तापते, पट्टा बदलावा लागतो, चढणारा माणूस सरळ चालत नाही, आडोशाला पडून राहतो. हे सगळं या हिशोबात नाही. तरी एवढं कळतं की उघड्या उतारावर तुमच्याकडे चोवीस सेकंद नसून चोवीस मिनिटं काढायची आहेत. असा अंदाज उत्तर देत नाही, प्रश्नाचा आकार सांगतो. प्रयोगशाळेत महागडा नमुना वाया घालवण्याआधी असं गणित पाठकोऱ्या कागदावर करून बघायची सवय लावा.

दिसतं कुठून, लपतं कुठे

मशीनगनला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे नजर. माथ्यावरून उताराचा कुठला भाग दिसतो आणि कुठला नाही, हे काढायला दृश्यक्षेत्राचं विश्लेषण करतात. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर घेतलंत आणि उंचीचा अंकीय नकाशा, म्हणजे डीईएम, उतरवून घेतलात की ते घरच्या लॅपटॉपवर होतं. आत चालतं ते गणित मात्र सोपं आहे. हाताने करू.

समजा बघणारा ४८१ मीटरवर आहे आणि तुम्ही एक किलोमीटरवर, ३७० मीटरवर. फरक १११ मीटर. नजरेची रेष सरळ खाली येते, म्हणून अर्ध्या वाटेवर, ५०० मीटरवर, ती ४८१ वजा ५५.५, म्हणजे ४२५.५ मीटरवर असेल. आता मधोमध ४३० मीटर उंचीचा एक बांध आहे असं धरा. बांध रेषेच्या साडेचार मीटर वर, म्हणून तुम्ही दिसत नाही. सैनिकी भाषेत ही आडोशाची जागा. बांध ४२० मीटरचा असता तर तुम्ही उघड्यावर. (पृथ्वीच्या गोलाईची चिंता इथे नको. दोन किलोमीटरवर तिचा परिणाम सुमारे ३१ सेंटिमीटर. वीस किलोमीटरवर मात्र तो ३१ मीटर होतो, तेव्हा विसरू नका.)

हे आकडे मी समजवायला घेतले आहेत, प्रत्यक्ष टेकडीचे नाहीत. पण यातून खरी अडचण दिसते. जगण्या-मरण्यातला फरक साडेचार मीटरचा. आणि आपण सर्रास वापरतो तो एसआरटीएमचा उंचीचा नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून मोजलेला. त्याची ठरवलेली अचूकता अशी की ९० टक्के ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत असावी. प्रत्यक्षात तो बऱ्याच जागी याहून चांगला आहे, तरी साडेचार मीटरच्या बांधावर पैज लावण्याइतका नाही. शिवाय त्याचा एक चौकोन ३० मीटरचा. त्यात द्राक्षमळ्याचा बांध, दगडी कुंपण, खंदक, काहीच दिसत नाही. आणि तो मोजतो झाडांसकट वरचा पृष्ठभाग, तोही लढाईनंतर ६२ वर्षांनी.

म्हणून सॉफ्टवेअरने सुंदर हिरवा-लाल नकाशा काढून दिला तरी त्याखाली लिहायचं वाक्य असं: 'या नकाशावरून टेकडीचा एकूण दरारा कळतो, एखादा सैनिक कुठे लपला असेल ते कळत नाही.' असं वाक्य लिहिलं की काम कमी भासतं अशी भीती नवख्या संशोधकाला वाटते. व्हायवात हेच वाक्य तुम्हाला वाचवतं.

दगड काय म्हणतो

लढाई पुढे दक्षिणेला पांदोल्स डोंगररांगेत सरकली. ऑगस्टच्या मध्यापासून पंधराव्या ब्रिगेडच्या तुकड्या तिथल्या टेकडी ६६६वर होत्या. आधी अमेरिकन, नंतर ब्रिटिश. यावेळी काम उलटं होतं, टेकडी घ्यायची नव्हती, राखायची होती. उंची आता त्यांच्याकडे होती. तरी हाल संपले नाहीत, कारण दगड.

आपल्याकडे मलंगगडाच्या पायथ्याशी कुदळ मारली तर वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. बेसॉल्टचा वरचा थर पावसाने कुजून मऊ होतो, त्यात खड्डा घेता येतो. पांदोल्स प्रामुख्याने चुनखडी आणि डोलोमाइटचा. चुनखडी पाण्यात विरघळते, मागे माती फार थोडी उरते, आणि पाणी भेगांतून खाली निघून जातं. परिणाम तीन. एक, खंदक खणता येत नाही, दगड रचून भिंती कराव्या लागतात. दोन, तोफगोळा पडला की त्याच्या तुकड्यांबरोबर दगडाच्या कपच्याही उडतात. तीन, माथ्यावर पाणी नाही. ऑगस्टच्या उन्हात पाणी आणि जेवण रात्री खालून वर चढवावं लागतं. एकाच शब्दाला, 'डोंगर', आपण सगळीकडे एकच अर्थ देतो. दगड तसं करू देत नाही.

एकच कारण पुरत नाही

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की टेकडी ४८१ भूरूपामुळे हातची गेली. मीही व्याख्यानात असंच म्हणाले होते, आणि ती माझी दुसरी चूक. ज्याच्या हातात हातोडी त्याला सगळीकडे खिळे. मी भूविज्ञानवाली, मला उतारच दिसला.

तोच उतार पुरेशा तोफांच्या माऱ्याखाली वेगळा ठरू शकतो. प्रजासत्ताकाच्या पायदळाने नदी ओलांडली, पण रणगाडे आणि तोफा मागे रखडल्या. फ्रँकोची विमानं पुलांवर बॉम्ब टाकत होती. त्यातच वरच्या बाजूच्या धरणांचे दरवाजे उघडून सोडलेल्या लोंढ्याने पूल वाहून नेले. आकाशात सुरुवातीला प्रजासत्ताकाची विमानं जवळजवळ नव्हतीच. बाजूच्या उंचवट्यांवरून आणि गावातूनही टेकडीच्या उतारावर गोळीबार होत होता. म्हणजे नदी, पूल, विमानं, तोफा, शेजारच्या टेकड्या. आणि या सगळ्यांत मिसळलेली ती शंभर-सव्वाशे मीटरची चढण. भूरूप हे कारण आहेच, पण एकटं नाही. आपल्या विषयाचं कारण सगळ्यात मोठं वाटायला लागलं की शेजारच्या विभागातल्या कोणाला तरी चहाला बोलवा आणि आपलं म्हणणं ऐकवा.

सप्टेंबरमध्ये प्रजासत्ताकाने परदेशी स्वयंसेवक मागे घ्यायची घोषणा केली. ऑक्टोबरच्या अखेरीस बार्सिलोनात त्यांना निरोप दिला गेला. १६ नोव्हेंबरला एब्रोची लढाई संपली, प्रजासत्ताकाचं सैन्य नदी ओलांडून परत गेलं. पुढच्या वर्षी १ एप्रिलला युद्धच संपलं.

मठातला वाईट प्रयोग

हुद्दार जिथे होते त्या कार्देन्याच्या मठाकडे परत जाऊ, कारण तिथे संशोधनाच्या नावाखाली जे झालं ते प्रत्येक पीएचडीवाल्याने ऐकायला हवं. फ्रँकोच्या सैन्यातल्या मानसोपचार विभागाचा प्रमुख होता आंतोनिओ वायेखो नाखेरा. १९३८ साली त्याला परवानगी मिळाली आणि त्याने इंटरनॅशनल ब्रिगेडच्या कैद्यांचा 'अभ्यास' केला. मार्क्सवादाचा आणि मानसिक न्यूनतेचा संबंध आहे, हे त्याला दाखवायचं होतं. निष्कर्ष आधी ठरलेला, मापं नंतर घेतलेली. ज्यांची मापं घेतली ते उपाशी, मारहाण सोसलेले, बंदिस्त. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. तरीही निबंध छापून आले, कोष्टकांसकट.

कोष्टक असलं म्हणजे विज्ञान झालं असं नाही. 'मुक्त संमती' हा नैतिकता समितीच्या अर्जावरचा रकाना आपण कंटाळून भरतो. तो रकाना कुठून आला हे कळायला असे कैदी आठवावेत.

माझी चुकलेली स्लाइड याच्या जवळपासही जात नाही, हे खरं. पण मुळाशी एक छोटासा सारखेपणा आहे आणि तोच मला टोचतो: मलाही उत्तर आधी हवं होतं. नागपूरचा माणूस टेकडीवर हवा होता, म्हणून मी तारीख पाहिली नाही.

आता स्लाइडवर काय आहे

हुद्दार १९३८ संपायच्या आत सुटून लंडनला परतले. त्यांची गोष्ट टेकडी ४८१शिवायही पुरेशी मोठी आहे. नागपूरहून लंडन, तिथून परक्या युद्धात, परक्या नावाने, मग माघार आणि कैद. तिला माझ्या सजावटीची गरज नव्हती. टेकडीवर मेलेल्यांनाही नव्हती. मी तिथे एक जादा माणूस उभा केला तेव्हा त्यांची जागा थोडी खाल्लीच.

सुधारलेल्या स्लाइडवर दोन ओळी आहेत. 'एप्रिल १९३८: गांदेसाजवळच्या माघारीत हुद्दार कैद. जुलै १९३८: त्याच गावाजवळ, त्यांच्याच बटालियनची, त्यांच्याशिवाय झालेली लढाई.' टाळ्या कमी मिळतात. प्रश्न जास्त येतात.

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात आवडतं वाक्य निवडा, जे वाचून गाईड खूश होईल असं वाटतं ते. त्याखाली चार रकाने आखा: कोण, कुठे, कधी, आणि हे मला कशावरून कळलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर वाक्य खोडू नका, पेन्सिलीने गोल करा आणि आठवडाभर त्याच्या मागे लागा. आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीसारखं कोणी तुमच्या ओळखीचं असेल तर तिला पहिला मसुदा वाचायला द्या. मी दिलाय. हे पोस्टही तिने वाचून, दोन तारखा तपासून, मगच परत केलंय.